निओडिमियम की समेरियम? मॅग्नेट घेताना या चुका टाळा

पाच-सहा वर्षांपूर्वी नागपूरला कळमन्याकडच्या एका डाळ मिलसाठी मी मॅग्नेटिक ग्रिल बनवली होती. तुरीसोबत खिळे, वायसर, थ्रेशरच्या दात्यांचे तुकडे येतात. ते हॉपरमध्येच अडकावेत म्हणून स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आणि नळ्यांत निओडिमियम हा धातू घातलेले जोरदार मॅग्नेट. काम झकास झालं होतं. मग चौकट देखणी दिसावी म्हणून मला अवदसा आठवली आणि जोडलेली अख्खी ग्रिल मी पावडर कोटिंगला पाठवली. निळीशार होऊन परत आली. बसवली. तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन, "काऊन भाऊ, तुमचा मॅग्नेट तर खिळा पकडूनच नाही राहिला!"

पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंश सेल्सिअसला चालते. मी भरलेला मॅग्नेट साध्या एन-३५ ग्रेडचा, त्याची मर्यादा ८० अंश. दोष कोटिंगवाल्याचा नव्हता. त्याला रंग द्यायला सांगितलं, त्याने दिला.

तेव्हापासून मॅग्नेटबद्दल कोणी विचारायला आलं, की मी आधी तापमान विचारतो, किंमत नंतर.

नवतप्याला दोष देऊ नका

मे महिना आला की फोन सुरू होतात. "नागपूरच्या उन्हात निओडिमियम टिकत नाही म्हणे, समेरियमवाला द्या." समेरियमवाला म्हणजे समेरियम-कोबाल्टचा, जास्त उष्णता सोसणारा दुसरा मॅग्नेट. नवतप्यात पारा ४५-४६ वर जातो, टिनाच्या शेडखाली आणखी दहा अंश धरा. तरीही आपण ८० च्या खालीच आहोत. उन्हाने मॅग्नेट थोडा मंदावतो, मरत नाही. निओडिमियमच्या मॅग्नेटचा जोर दर अंशाला साधारण ०.१२ टक्का घटतो. जानेवारीतल्या पहाटेचे १० अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे ४५ यांत फरक ३५ अंशांचा, म्हणजे घट जेमतेम चार टक्के, आणि पावसाळ्यात तीही भरून येते. समेरियमची घट दर अंशाला ०.०३ ते ०.०४ टक्के. कागदावर फरक तिपटीचा, पण डाळ मिलच्या ग्रिलला त्याने काही होत नाही.

मॅग्नेट मरतो तो यंत्राच्या आतल्या उष्णतेने. तेलाची कढई, ड्रायर, वेल्डिंग, भट्टी, मोटारीची वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी. मर्यादा ओलांडली की गेलेला जोर थंड झाल्यावरही परत येत नाही. आणि ८० हा आकडासुद्धा दगडावरची रेघ नाही. पापडासारखी पातळ चकती त्याच्या आधीच ढिली पडते, त्याच ग्रेडचा जाड ठोकळा थोडं जास्त सोसतो.

नळीच्या टोकाला टिग वेल्डिंग करणाऱ्यांनी एवढं पाहावं: शेवटचा मॅग्नेट आणि बूच यांच्यामध्ये निदान बोटभर रुंदीचा बिनचुंबकी तुकडा ठेवा आणि वेल्ड करताना नळीवर ओलं फडकं गुंडाळा. टोकं कमजोर आणि मधला भाग तगडा अशी ग्रिल दिसली, तर निम्म्या वेळा कारण हेच असतं.

महाग म्हणजे जोरदार नव्हे

सगळ्यात खर्चिक चूक ही. समेरियम-कोबाल्ट महाग, म्हणून तोच जास्त ओढणार, असं गृहीत धरलं जातं. खोलीच्या तापमानाला उलट आहे. मॅग्नेटची ताकद मेगागॉस-ओर्स्टेडमध्ये मोजतात. एन-३५ मधला ३५ हा तोच आकडा, आणि निओडिमियम ५२-५५ पर्यंत जातो. समेरियम-कोबाल्ट १६ ते ३२ च्या दरम्यान राहतो. थंड जागी समेरियम घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी ओढ विकत घेणं.

निओडिमियममध्येही जाती आहेत. आकड्यानंतर अक्षर नसेल तर ८० अंश, एम असेल तर १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. समेरियमचा जुना प्रकार २५० पर्यंत आणि नंतरचा ३०० ते ३५० पर्यंत चालतो. माझा हिशोब सरळ आहे. १२० च्या आत निओडिमियम, डोकं लावू नका. त्यापुढे १८० पर्यंत दोन्हींचे भाव मागवा. २०० च्या वर समेरियम, तिथे घासाघीस नको.

असं का, हे कळलं की चूक होत नाही. निओडिमियम मॅग्नेटमध्ये निओडिमियम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, बाकी बहुतेक लोखंड आणि चिमूटभर बोरॉन. समेरियमवाल्यात बहुतांश कोबाल्ट. ओढणारे बैल म्हणजे लोखंड आणि कोबाल्ट. निओडिमियम किंवा समेरियम, म्हणजे रेअर अर्थ गटातला धातू, हा त्यांचा कासरा, तो त्यांना एका दिशेला धरून ठेवतो. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना संपतं, कोबाल्टचं ११०० च्या पुढे. मिश्रधातूतही तोच फरक उतरतो: निओडिमियमवाला ३१० अंशांच्या आसपास पूर्ण गळपटतो, समेरियमवाला ७०० ओलांडूनही उभा असतो. भाव चढण्यामागेही कोबाल्टचा हात मोठा.

"रेअर अर्थ मॅग्नेट", एवढंच लिहिलेलं कोटेशन

असं कोटेशन परत पाठवा. रेअर अर्थ सतरा आहेत, मॅग्नेटपुरते म्हटले तरी दोन. दोन्हींवर निकेलचा मुलामा असू शकतो, त्यामुळे चकाकी पाहून काही कळत नाही. वजन मात्र खोटं बोलत नाही. निओडिमियम मॅग्नेटची घनता घन सेंटीमीटरला ७.५ ग्रॅम, समेरियम-कोबाल्टची ८.३ च्या आसपास.

मी एकदा २० मिमी व्यासाची, ५ मिमी जाडीची चकती घेऊन इतवारीच्या सराफा ओळीत गेलो. विकणाऱ्याने समेरियम म्हणून दिली होती. चकतीचं आकारमान १.५७ घन सेंटीमीटर, म्हणजे समेरियम असेल तर १३ ग्रॅम आणि निओडिमियम असेल तर ११.८. सराफाने ती काट्यावर ठेवताच आकडा नाचायला लागला, कारण काट्याच्या आतल्या लोखंडाला ती ओढत होती. मग पॅनवर वीतभर उंच थर्माकोलचा ठोकळा ठेवला, काटा शून्य केला, चकती वर ठेवली. ११.८. सराफ म्हणाला, "सोन्यात असं केलं असतं तर जेलात गेला असता न तो."

मोटार जोरात पळते म्हणून खुश होऊ नका

ई-स्कूटरची हब मोटार, म्हणजे चाकातच बसवलेली मोटार, चढावर दम टाकते, तापते, बॅटरी लवकर उतरते. मेकॅनिक चाक उचलून फिरवून पाहतो. चाक आधीपेक्षा जोरात फिरतं, म्हणून मोटार ठीक असा निकाल देतो आणि कंट्रोलर बदलतो. इथेच गफलत होते. मॅग्नेट कमजोर झाला की मोटारीत उलट निर्माण होणारा व्होल्टेज घटतो, म्हणून रिकामं चाक जास्त पळतं. पण तेवढाच भार ओढायला करंट जास्त लागतो, वाइंडिंग आणखी तापते आणि मॅग्नेट आणखी ढिला पडतो.

तपासणी सोपी आहे. मोटारीच्या तिन्ही वायरी कंट्रोलरपासून सोडवा, चाक ठराविक वेगाने फिरवा आणि कोणत्याही दोन वायरींमधला एसी व्होल्टेज मोजा. त्याच मॉडेलच्या चांगल्या मोटारीचा आकडा शेजारी लिहा. तिन्ही जोड्यांत सारखीच घट दिसली तर मॅग्नेट गेला. एकच जोडी कमी दाखवत असेल तर वाइंडिंग पाहा. सुरुवातीला गचके देत असेल तर आधी हॉल सेन्सर, म्हणजे फिरणाऱ्या मॅग्नेटची जागा ओळखणारे सेन्सर, तपासा.

ग्रिलसाठी यंत्राची गरज नाही. एक ठरलेला लोखंडी नट, एक ताणकाटा आणि वही. महिन्यातून एकदा त्याच जागी नट चिकटवून ओढा आणि सुटतानाचा आकडा लिहा. सोबत तापमानही लिहा, नाहीतर मे महिन्यात उगाच घाबराल.

पाणी, ड्रिल आणि बोटं

निओडिमियममध्ये लोखंड आहे, ते गंजतं. मुलामा खरवडला गेला आणि आत ओल शिरली की मॅग्नेट कडेकडेने भुगा होत जातो. भंडारा-गोंदियाकडच्या एका राईस मिलमधली ग्रिल मी उघडली तेव्हा आतला भुगा फुगून नळीच फाटली होती. समेरियम-कोबाल्टला सहसा मुलामा लागत नाही, म्हणून पाण्यातल्या पंपासाठी, तापमान कमी असलं तरी, तो कधीकधी परवडतो.

दोन्हींना भोक पाडायला जाऊ नका. ते चिनीमातीसारखे तडकतात, समेरियम तर जास्तच नाजूक, टेबलावर आपटला तरी कपची उडते. निओडिमियमचा बारीक कीस पेट घेतो. मोठे दोन मॅग्नेट एकमेकांवर झेपावले तर मधलं बोट चेचतं. लहान चकत्या पोरांपासून लांब ठेवा: दोन पोटात गेल्या तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून भोक पडतं, ती सरळ ऑपरेशनची केस. पेसमेकरवाल्यांनी मॅग्नेटच्या टेबलाजवळ येऊच नये.

पोरांच्या वहीतल्या चुका

माझा पुतण्या बीएस्सीला आहे, त्याच्या वहीत "निओडिमियम हा चुंबकीय धातू" असं लिहिलं होतं. शुद्ध निओडिमियमची कांडी खिळा उचलत नाही, समेरियमचीही नाही. "दुर्मिळ" हा शब्दही फसवा: पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे, फक्त एका जागी गोळा झालेला सापडत नाही. निओडिमियम आणि समेरियमचे अणुक्रमांक ६० आणि ६२, मधला ६१ किरणोत्सारी प्रोमेथियम, म्हणून हे दोघे शेजारी असून शेजारी नाहीत. समेरियम १८७९ मध्ये सापडला. निओडिमियम १८८५ मध्ये, ज्याला एकच मूलद्रव्य समजत होते ते फोडल्यावर, म्हणून त्याच्या नावाचा अर्थ "नवा जुळा". मॅग्नेटबाहेर निओडिमियमचं मोठं काम १०६४ नॅनोमीटरच्या लेझरमध्ये. समेरियम-१५३ हा किरणोत्सारी प्रकार हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर देतात, त्याचं अर्धायुष्य साधारण ४६ तास.

आणखी एक प्रश्न हटकून येतो: विदर्भात एवढ्या खाणी, मग हे इथे का निघत नाही? आपल्याकडे मँगनीज आणि कोळसा. भारतातला रेअर अर्थ मुख्यतः आंध्र प्रदेश, ओडिशा, तामिळनाडू, केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, मोनाझाइट या खनिजात आहे. समेरियम-कोबाल्ट मॅग्नेटचा आयआरईएल या सरकारी कंपनीचा कारखानाही विशाखापट्टणमला, वर्षाला ३,००० किलोचा.

ऑर्डर उशिरा देण्याची चूक

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या यादीत समेरियम होता, निओडिमियम नव्हता. पण जास्त तापमानाच्या निओडिमियम ग्रेडमध्ये डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात आणि ते दोन्ही यादीत. साधा एन-३५ मिळत राहिला, एसएच आणि यूएच अडकले. म्हणून उगाच वरची ग्रेड मागू नका, आणि खरंच लागत असेल तर सीझन सुरू व्हायच्या कितीतरी आधी मागवा.

मेलेला मॅग्नेट जिवंत होतो का?

दुसरा मॅग्नेट घासून होत नाही, ते शाळेतल्या सुईपुरतं. निओडिमियममध्ये पुन्हा चुंबकत्व भरायला साधारण ३ टेस्ला चुंबकक्षेत्राचा झटका लागतो, समेरियमच्या काही प्रकारांना त्याहून जास्त, आणि त्यासाठी कपॅसिटरवालं खास यंत्र. सुटा मॅग्नेट असेल, गंजलेला नसेल, तर जमतं. माझ्या ग्रिलमध्ये मॅग्नेट एकमेकांसमोर सारखे ध्रुव करून, मध्ये लोखंडी चकत्या घालून भरले होते, त्यामुळे एका झटक्यात सगळ्यांत चुंबकत्व भरणं शक्यच नव्हतं. नळ्या कापल्या, नवे मॅग्नेट भरले, पैसे माझ्या खिशातून गेले. मालकाला निळा रंग मात्र आवडला होता, तेवढा तसाच ठेवला.