ऑस्ट्रेलियातील लोकर-कातरणीची गाणी कशी ऐकावीत

मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या मजुरांची ऑस्ट्रेलियन लोकगीते प्रथमच ऐकणाऱ्याला त्यांत कष्ट सहसा जाणवत नाहीत, कारण चाल उडती असते आणि शब्दांत थट्टा, चुरस व दारू यांचीच रेलचेल असते. म्हणून आधी कामाची आणि मजुरीची रीत समजून घ्यावी.

मजुरी रोजावर नव्हे, तर दर शंभर मेंढ्यांमागे ठरलेली असे. प्रत्येक मेंढी मजुराने स्वतः कोंडवाड्यातून ओढून आणायची, कमरेत वाकून कातरायची आणि लगेच पुढची धरायची. 19व्या शतकात अनेक शेडमध्ये देखरेख करणाऱ्याला काम पसंत पडले नाही, तर मेंढीवर रंगाची खूण होई आणि तिचे पैसे बुडत. त्यामुळे गाण्यात हा माणूस नुसता नजर टाकून गेला, तरी त्या ओळीत मजुराची धास्ती आहे, असे समजावे.

सुरुवात ‘क्लिक गो द शिअर्स’पासून करावी. त्याचा एक पाठ 1891 मध्ये व्हिक्टोरियातील एका वृत्तपत्रात छापला गेला. चाल मात्र हेन्री क्ले वर्क या अमेरिकन संगीतकाराच्या 1865 च्या गीताची आहे. ते गीत युद्धसमाप्तीच्या आनंदाचे असल्याने चालीवरून भाव ठरवण्याची घाई करू नये. या गाण्यात शेडमधील सर्वांत वेगवान गडी एका म्हाताऱ्या, रखडत काम करणाऱ्या मजुराकडून कात्रीच्या एकाच फटकाऱ्याने मागे पडतो आणि शिव्या देतो, कारण म्हाताऱ्याच्या वाट्याला पोटावर लोकर नसलेली मेंढी आलेली असते. पोट कातरण्याचे श्रम वाचणे हेच तेथे नशीब ठरते, आणि माझ्या मते गाण्याचा सारा अर्थ याच विनोदात आहे.

आकड्यांच्या बढाया तपासताना जॅकी हाऊचा विक्रम आठवावा: 1892 मध्ये क्वीन्सलंडमधील ॲलिस डाउन्स येथे त्याने हातकात्रीने 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या कातरल्या, म्हणजे एका मेंढीला दीड मिनिटही लागले नाही. सामान्य मजुराला हे साधणारे नव्हते.

गुत्त्याचे कडवे उथळ वाटले तरी गाळू नये. काम संपल्यावर हाती पडलेला चेक पहिल्याच गुत्त्यात उडणे हा प्रकार इतका सर्रास होता की, कातरणीच्या कितीतरी गाण्यांचा शेवट तेथेच होतो.