आधी कोण, नंतर कोण? कोकण किनाऱ्यावर भूशास्त्राचा पहिला धडा कसा गिरवावा

खडकांची अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित ही तीन नावं शाळेत सगळ्यांचीच पाठ होतात. मग सहलीला गेलेली मुलं प्रत्येक दगड उचलून विचारतात, "सर, हा कुठला?" माझं मत असं की सुरुवातीला या प्रश्नाचं उत्तर देऊच नये. नाव नंतरही कळतं, पुस्तकात असतंच. जागेवर उभं राहून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इथे आधी काय आलं आणि नंतर काय? त्यासाठी दोन नियम पुरतात. थर उलटेपालटे झालेले नसतील तर खालचा थर जुना, वरचा नवा. आणि जो दुसऱ्याला कापून जातो, तो कापल्या गेलेल्यापेक्षा नवा. कोकणात हे दोन्ही नियम दिवसभरात डोळ्यांनी पाहता येतात. रत्नागिरी शहराच्या आसपास राहणाऱ्याला तर फार फिरावंही लागत नाही.

पहिली पायरी: तिथी बघा

कॅलेंडरमधली सुट्टी बघून निघू नका, तिथी बघून निघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे दहाच्या आसपास ओहोटी. हा अंदाज झाला. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ ताडून घ्याच. तृतीया ते पंचमी हे दिवस मला सोयीचे वाटतात, कारण सकाळच्या उजेडात खडक उघडे पडतात. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असते आणि पाणी फारसं मागे हटत नाही.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले घ्या. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या खडकांवर मुलांना नेऊ नका. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर लाटांनी पोखरलेल्या खडकांची जाळी पाहण्यासारखी आहे, पण तिथेही पाणी चढायच्या आत परत फिरायचं, मग कितीही फोटो राहिले तरी.

दुसरी पायरी: सामान

भिंग, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, प्लॅस्टिकची पिशवी, छोट्या बाटलीत व्हिनेगर, फरशीचा एक तुकडा, पट्टी, वही, पेन्सिल. हातोडी मुद्दाम सांगत नाही. सुटे दगड इतके पडलेले असतात की फोडायची गरज नसते.

तिसरी पायरी: लांबून चित्र काढा

रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या डोंगरासारखा समुद्रात घुसलेला कडा गाठा, पण लगेच त्याला जाऊन चिकटू नका. लांब उभे राहून पाच मिनिटं फक्त रेघा मारा. रंग कुठे बदलतो, भेगा उभ्या आहेत की आडव्या, झाडोरा कुठल्या रेषेवर वाढलाय. कोकणातल्या कड्यांत बऱ्याचदा खाली काळा खडक आणि माथ्यावर जांभा हा तांबूस, सच्छिद्र दगड अशी मांडणी दिसते. कधी दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची पातळ पट्टी असते. एक लाव्हा थंड झाला, त्याचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, त्यावर दुसरा लाव्हा आला, म्हणजे मधे काही काळ शांततेत गेला असं ती पट्टी सांगते.

चौथी पायरी: काळवत्री हातात घ्या

खालचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपले गवंडी ज्याला काळवत्री म्हणतात तो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. सह्याद्री त्यातूनच कोरला गेला. किनाऱ्यावरचा, भोकं असलेला मूठभर दगड शोधा. भिंग लावा. काही भोकं रिकामी असतात, काहींत पांढरे, काचेसारखे चमकणारे स्फटिक दिसतात. ते बहुतेक झिओलाइट, गारगोटी किंवा कॅल्साइट.

आता आपला प्रश्न विचारा. आधी लाव्हा. तो थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, ती भोकं. त्यानंतर भेगांतून झिरपलेल्या पाण्याने त्यांत खनिजं आणून भरली. एका मुठीएवढ्या दगडात तीन घटना, क्रमाने. मुलांना हे स्वतःहून सुचू द्या, घाई करू नका.

अलिबाग-मुरूडकडे राहत असाल तर तिथल्या खडकांत दुसरा नियमही सापडेल. आजूबाजूच्या थरांना चिरत सरळ गेलेली काळ्या दगडाची भिंत म्हणजे डाइक. आधीच्या खडकातल्या भेगेत लाव्हारस घुसून थिजला, म्हणून ती भिंत नवी.

पाचवी पायरी: चिरेखाणीत थांबा

माझ्या मते कोकणातला सर्वांत चांगला वर्ग चिरेखाणीत, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढतात त्या खाणीत भरतो. मालकाला विचारून, काम बंद असताना जा. कडेवर उभे राहू नका, आणि पाणी भरलेल्या जुन्या खाणींपासून लांब राहा.

खाणीची उभी भिंत वरून खाली वाचा. सगळ्यात वर काळपट तपकिरी, घट्ट कवच; हाच सड्याचा, म्हणजे कोकणातल्या सपाट माथ्याच्या पठाराचा कातळ. त्याखाली वेड्यावाकड्या नळ्यांनी भरलेला जांभा, नळ्यांत पिवळी-पांढरी माती. आणखी खाली मऊ चिकणमाती. भिंत पुरेशी खोल असेल किंवा जवळ विहीर खणली असेल तर तळाशी कुजत चाललेली काळवत्री दिसते. तिचे गोलसर धोंडे कांद्यासारखे पापुद्र्यांनी सुटतात.

जांभा लाव्ह्यातून थेट आला नाही. उष्ण हवा आणि मुबलक पाऊस यांनी मूळ खडकातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम वाहून नेले आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर जांभा घासा, तांबूस रेघ उमटते. तो लोहाचा रंग.

घरी येताना जांभ्याचा आणि काळवत्रीचा साधारण सारख्या आकाराचा तुकडा आणा. दोन्ही बादलीत सोडा. जांभ्यातून बराच वेळ बुडबुडे येत राहतात, घट्ट काळवत्रीतून जवळजवळ नाहीतच. स्वयंपाकघरातला काटा मिळाला तर आधीचं आणि नंतरचं वजन लिहा. पावसाळ्यात एवढं पाणी कोसळूनही मे महिन्यात टँकर का येतो, याचं अर्धं उत्तर त्या बादलीत आहे. जांभा पाणी पितो पण धरून ठेवत नाही. ते खालच्या चिकणमातीवर अडतं, आडवं वाहतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याने बाहेर पडतं. तुमच्या गावातले जिवंत झरे सड्याच्या कुठल्या उंचीवर आहेत ते पाहा.

एक गंमत सांगायला हवी. रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याखाली कोळशासारखं झालेलं लाकूड असलेले मातीचे थर लागल्याच्या जुन्या नोंदी आहेत. म्हणजे तिथला क्रम काळवत्री, मग गाळ आणि झाडं, मग जांभा. खालचा खडक जागच्या जागी कुजून जांभा झाला एवढ्यावर सगळीकडे भागत नाही.

सड्यावर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं असतील तर तीही क्रमात बसवा: कवच घट्ट झाल्यावर माणसाने त्यात कोरलं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. फोटो उठावदार यावा म्हणून रेषांत खडू भरू नका, चप्पल घालून त्यांवरून चालू नका.

सहावी पायरी: वाळू

लोहचुंबक पिशवीत गुंडाळा आणि रत्नागिरीत ज्याला काळा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावरच्या वाळूतून फिरवा. काळे कण झुपकेदार चिकटतात, ते मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. जे काळे कण चिकटायला कुरकुरतात त्यांत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिज असतं. पिशवी उलटी केली की कण गळून पडतात. हीच कृती तिथल्याच पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावर करून फरक लिहा. वाळूत शिंपल्यांचा चुरा दिसला तर तो बारीक करून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि भिंगातून फेस बघा.

शेवटची पायरी: वही

पान उभं धरा. सर्वांत जुनी घटना तळाला, नवी वर: लाव्हा, बुडबुड्यांतले स्फटिक, डाइक, जांभा, कातळशिल्प, आजची वाळू. दोन घटनांचा क्रम ठरत नसेल तर त्या एकाच ओळीत शेजारी लिहा. हेही उत्तरच आहे. तळाला मात्र दोन बोटं जागा कोरी सोडा. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात तर तिथे काळवत्रीपेक्षा कितीतरी जुने खडक उघडे पडलेले आहेत, वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट, आणि त्यांच्याही खाली २५० कोटी वर्षांहून जुने पट्टेदार नाइस हे रूपांतरित खडक. ते त्या जागेत लिहायचे आहेत.