रिपोर्ट निगेटिव्ह, तरी धाप वाढतेय? साथीच्या काळात न्यूमोनियाबाबत या चुका टाळा

एप्रिल २०२१. मामांचा कोविडचा आरटीपीसीआर निगेटिव्ह आला आणि घर निर्धास्त झालं. आजाराचा आठवा दिवस, ताप उतरलेला, ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९५. फक्त मामीच्या लक्षात आलं की मामा वाक्य पुरं करत नाहीयेत. चार शब्द बोलतात, थांबतात, मग पुढचे चार. "अहो, जरा गॅलरीत फेऱ्या मारा बरं," ती म्हणाली. सहा मिनिटांनी आकडा ८८ झाला. त्याच रात्री सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया दिसला.

आम्ही रिपोर्टवर विसंबलो, ही आमची मोठी चूक. नमुना नाका-घशातून घेतात. आठवडा उलटेपर्यंत विषाणू तिथे कमी होऊन खाली फुप्फुसात ठाण मांडून बसलेला असू शकतो. स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवला, तर पहिल्या दिवशीसुद्धा तो हुकू शकतो. अशा वेळी खोकून काढलेल्या बेडक्यात तोच विषाणू सापडू शकतो. धाप वाढत असेल तर तपासणी पुन्हा करायला सांगा. (बसल्या जागी धाप लागत असेल किंवा आकडा ९४च्या खाली असेल तर चालायला लावू नका, थेट दवाखाना गाठा. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, बोटं गार असतील, तर आकडा फसवतो.)

दुसरी चूक म्हणजे साथीत प्रत्येक न्यूमोनिया साथीचाच धरून चालणं. २००९ मध्ये पुण्याला हादरवणारा स्वाइन फ्लूचा एच१एन१ विषाणू अजून आपल्यात आहे आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो. लहान मुलांत आणि म्हाताऱ्या माणसांत आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणूही न्यूमोनिया करतो. हा फरक नुसता नावापुरता नाही. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे, तेही पहिल्या ४८ तासांत सर्वांत गुणकारी. कोविडवर ते चालत नाही. म्हणून दाखल पेशंटचा कोविड रिपोर्ट निगेटिव्ह आला की "मग आहे काय?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. एकाच नमुन्यातून अनेक विषाणू शोधणारी पॅनेल तपासणी असते. महाग आहे, साध्या सर्दीला करू नये.

विषाणू सापडला म्हणजे शोध संपला, असंही नाही. १९१८च्या साथीत बहुतेक मृत्यू फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले. ताप उतरून दोन-चार दिवसांनी पुन्हा चढला, पिवळट-हिरवा बेडका पडू लागला, तर थांबू नका. मात्र पहिल्याच दिवशी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणून गिळू नका. विषाणूवर अँटिबायोटिक काम करत नाही.

आणि स्टेरॉइड! ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा झाला नाही. तरीही व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या पाहून लोकांनी घरीच ते सुरू केलं. साखर भडकली आणि म्युकरमायकोसिसला, म्हणजे काळ्या बुरशीला, वाट मिळाली. फ्लूच्या न्यूमोनियात तर स्टेरॉइडने नुकसान होण्याचीच भीती जास्त.

दवाखान्यात पोचल्यावर आम्हाला पहिला प्रश्न आला, "पहिला ताप कोणत्या तारखेला?" आम्ही तिघांनी तीन तारखा सांगितल्या. स्वॅब, गोळ्या, स्टेरॉइड, सगळ्यांचा हिशोब त्या दिवसापासून लागतो. मामी आता घरात कुणाला कणकण आली तरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करून ठेवते.