मराठी प्रबंधांतले संदर्भ मोजायचे कसे : एम.लिब.च्या लघुप्रबंधासाठी

विषय ठरवायची वेळ आली की एम.लिब.ची (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची) मुलं माझ्या टेबलाशी येतात आणि बहुतेकांच्या कागदावर एकच ओळ असते : 'अमुक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून ई-संसाधनांचा वापर : एक अभ्यास'. मीही तेच केलं होतं. दोनशे प्रश्नावल्या वाटल्या, एकशे चाळीस परत आल्या आणि त्यांतल्या कितीतरींवर वरपासून खालपर्यंत 'सहमत'च्या खुणांची सरळ रांग. एकीवर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. ती तरी कुणीतरी टेबलावर ठेवून भरली असणार. मी टक्केवाऱ्या काढल्या, पाय चार्ट रंगवले, पदवी घेतली. ग्रंथालयाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून आता मी विचारते, जुनं मराठी वाचता येतं ना? मग मराठी विभागाचे पीएच.डी.चे प्रबंध घ्या आणि त्यांतले संदर्भ मोजा. सायटेशन अ‍ॅनालिसिस. मराठी पुस्तकांचे आणि प्रबंधांचे संदर्भ मोठ्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमधून तयार उचलता येतील अशी सोय नाही, हातानंच मोजावं लागतं. तेच तुमच्या पथ्यावर.

पद्धत जुनी आहे. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस यांनी एका अमेरिकन रसायनशास्त्रीय नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेऊन त्यातले ३,६३३ संदर्भ मोजले. प्रश्न साधा होता : कॉलेजच्या ग्रंथालयानं कोणती नियतकालिकं विकत घ्यावीत? तुमचाही प्रश्न तोच ठेवा, म्हणजे शेवटी काय करायचं ते चुकणार नाही. (व्हायवासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, दोन सालं लक्षात असू द्या : भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी ग्रंथालयाच्या कामाच्या मोजमापासाठी 'लायब्रमेट्री' हा शब्द मांडला १९४८ मध्ये, पुस्तकं-लेखांच्या अशा आकडेवारी अभ्यासासाठी प्रिचर्ड यांचा 'बिब्लिओमेट्रिक्स' आला १९६९ मध्ये.)

प्रबंध दहाच घ्या. एका विद्यापीठाचे, एका विभागाचे, ठरावीक वर्षांतले. चाळीस घेणारा मुलगा मार्चमध्ये रडत येतो. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) प्रबंध बहुधा प्रकरणवार तुकड्यांत असतो. टीपा प्रकरणाच्या फाइलीच्या अखेरीस शोधा, ग्रंथसूचीची फाइल शेवटी. त्यातून मजकूर कॉपी करून चिकटवायचा विचार सोडा. कितीतरी फाइली म्हणजे पानांचे नुसते फोटो, आणि मजकूर असला तरी तो जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला. चिकटवलात की 'संदर्भ'च्या जागी वेड्यावाकड्या खुणा येतात. ग्रंथालयात बांधीव प्रत मागा, शेजारी लॅपटॉप ठेवा आणि टाइप करा. दिवसाला ऐंशी-नव्वद नोंदी झाल्या तरी खूप.

आता खरं काम, आणि ते मोजण्याच्या आधीचं. एक दोनशेपानी वही घ्या, वर 'नियम' लिहा.

पहिला नियम : कुठले संदर्भ मोजायचे? मराठी प्रबंधांत प्रकरणाच्या शेवटी टीपा असतात आणि अखेरीस संदर्भग्रंथसूची. दोन्हींचा मेळ क्वचितच बसतो. सूचीत अशी पुस्तकं असतात ज्यांचा आत कुठे उल्लेख नाही. प्रबंध भारदस्त दिसावा म्हणून बसवलेली. मी टीपाच मोजायला सांगते. पण टीपा घेतल्या की 'तत्रैव' आणि 'उनि' समोर उभे राहतात. तत्रैव म्हणजे लगेच वरचाच ग्रंथ, उनि म्हणजे आधी कुठेतरी उल्लेखिलेला. त्यांना नवी नोंद धरायचं की नाही? एका मुलीचं काम मी बघत होते. तिनं तीन प्रबंधांपर्यंत तत्रैव सोडले, चौथ्यापासून धरले. आकडे अचानक फुगले तेव्हा कळलं. तीन प्रबंध पहिल्यापासून मोजले तिनं, आणि सुरुवातीलाच विचारलं नाही म्हणून मी स्वतःवर चिडले. माझा सल्ला : एका प्रकरणात एक ग्रंथ एकदाच धरा, तत्रैव-उनिंची संख्या वेगळ्या रकान्यात ठेवा.

दुसरा नियम सालाचा. जुन्या पुस्तकावर शके असतो, त्यात ७८ मिळवा (जानेवारी ते चैत्रापूर्वीचं प्रकाशन असेल तर ७९, महिना माहीत नसेल तर सरसकट ७८ आणि तसं वहीत लिहा). आणि आवृत्ती? ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. संशोधकानं मात्र वापरली असेल विसाव्या शतकातली छापील प्रत. रकान्यात १२९० टाकलात तर त्या एका नोंदीनं संदर्भांचं सरासरी वय (प्रबंधाच्या सालापासून ते किती जुने) कुठल्या कुठे जाईल. हातात घेतलेल्या आवृत्तीचं साल टाका, संतसाहित्याला शेजारी 'मूळ जुना' अशी खूण करा. साल नसेलच तर अंदाज नको, 'सा. ना.' लिहा. १९३७ पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा. ती १८०० पासून सुरू होते आणि अर्धवट लिहिलेला संदर्भ तिच्यात पुष्कळदा पुरा सापडतो.

तिसरा, प्रकाराचा. ग्रंथ, नियतकालिक, वृत्तपत्र, कोश, अप्रकाशित प्रबंध, मुलाखत, संकेतस्थळ इथपर्यंत सोपं आहे. दिवाळी अंक कुठे टाकाल? मासिकाचाच दिवाळी अंक असेल तर नियतकालिकात, वर्षातून एकदाच निघणारा असेल तर वेगळा, असं मी करते. कुणी दुसरं काही करेल, हरकत नाही. पण वहीत लिहा आणि मग बदलू नका.

नावांचा त्रास टाइप करताना कळतो. 'वि. का. राजवाडे', 'वि.का. राजवाडे', 'राजवाडे वि. का.', 'इतिहासाचार्य राजवाडे' : संगणकाला हे चार माणसं वाटतात. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एक जागा, पदव्या गाळा. शीर्षकांतही तेच. १९६२ च्या नियमांआधीचे अनुस्वार कुणी ठेवतो, कुणी काढतो, आणि एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी होतात. तुम्ही आधुनिक लेखन वापरा, मूळ रूप शेरा रकान्यात. सालं मात्र इंग्रजी अंकांत टाइप करा. माझ्या एक्सेलनं देवनागरी अंकांना आकडे मानलंच नव्हतं. बेरीज शून्य आली तेव्हा मी आधी माऊसला शिव्या दिल्या.

निम्मं काम झालं की मैत्रिणीला वही आणि कुठल्याही शंभर टीपा द्या. तुमचं न बघता तिनं प्रकार आणि विषय ठरवावेत. मग दोघींची यादी जुळवा. पंधरावीस ठिकाणी फरक पडला तर दोष बहुधा तिचा नसतो, नियम अर्धवट असतो.

विश्लेषण त्या मानानं थोडक्यात आटोपतं. नोंदी सालाप्रमाणे लावा आणि बरोबर मधली नोंद पाहा. प्रबंधाच्या सालापासून ती किती जुनी, तो तुमचा अर्धायुकाल. सरासरीपेक्षा हाच बरा, कारण एखाददुसरा फार जुना ग्रंथ त्याला ओढून नेत नाही. शिवाय भाषावार, प्रकारवार, विषयवार तक्ते. विषयासाठी ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचे (ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात ते) मोठे वर्ग पुरे : मराठी साहित्य ८९१.४६, भारताचा इतिहास ९५४, लोकसाहित्य ३९८. काई-वर्ग चाचणीच्या (आकड्यांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीच्या) फंदात गाइडनं सांगितल्याशिवाय पडू नका.

मग ग्रॉस मंडळींचा प्रश्न. सर्वांत जास्त संदर्भ आलेली शंभर शीर्षकं काढा आणि एकेक आपल्या ग्रंथालयाच्या ओपॅकमध्ये (संगणकावरच्या ग्रंथसूचीत) शोधा. ओपॅकमध्ये नाही म्हणजे ग्रंथालयात नाही असं समजू नका. जुन्या मराठी पुस्तकांच्या नोंदी कधी रोमन लिपीत असतात, कधी दाखलनोंदवहीतून संगणकावर आलेल्याच नसतात. नोंदवही मागा, मग रॅकपर्यंत जा. मी एकदा 'उपलब्ध नाही' म्हणून यादीत टाकलेलं पुस्तक खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

जी खरंच नाहीत त्यांची यादी वेगळ्या कागदावर काढा : लेखक, शीर्षक, प्रकाशक, किती प्रबंधांत आलं, पुन्हा छापलं गेलंय का. लघुप्रबंधाला नियमांची वही परिशिष्ट म्हणून जोडा, खाडाखोडीसकट झेरॉक्स चालते. यादी मात्र व्हायवाची वाट न बघता ग्रंथपालांच्या हातात द्या. पुस्तक खरेदीचं अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं आणि फेब्रुवारीत ते बहुतेक याद्याच शोधत असतात.