मासोळ्या जित्या आहेत म्हणून बोडीचं हिरवं पाणी गुरांना पाजू नका

उन्हाळ्यात मामा तलाव (गावचा जुना मालगुजारी तलाव) नाहीतर बोडी (शेतातलं लहान तळं) आटली की पाणी हिरवंगार होते, अन् लोक म्हणतात मासोळ्या जित्या आहेत ना, मग गुरं प्याली तर काय होते. इथंच हिशोब चुकते.

आधी काडी घालून पाहा. लांब लांब तंतू लटकून वर आले तर साधं शेवाळ, अन् ऑइल पेंटसारखा लेप बसला तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे बॅक्टेरिया, असायचा चान्स जास्त. खात्रीसाठी हाताला प्लास्टिकची पन्नी बांधून काचेची बॉटल पाऊण भरा, रात्रभर हलवू नका, सकाळी हिरवा थर वर तरंगत असला तर तेच समजा. सगळेच विषारी नसतात पण नुसतं पाहून कळत नाही, म्हणून विषारीच धरून चाला.

यातले मायक्रोसिस्टिससारखे बॅक्टेरिया मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात, ते लिव्हरवर जाते. मासोळीच्या लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचं रसायन एका एन्झाइमच्या मदतीनं त्या विषाला चिकटते, विषाचा जोर कमी होते, अन् मग पेशीच्या पडद्यातले प्रोटीनचे पंप ते बाहेर फेकतात. समुद्रातल्या शिंपल्यांच्या गिल्समध्ये पण असेच पंप आहेत, नको ती वस्तू आत शिरतानाच बाहेर ढकलतात. पफर फिश म्हणजे अंग फुगवणाऱ्या माशाची तर तऱ्हाच वेगळी, टेट्रोडोटॉक्सिन हे बॅक्टेरियाचं विष अंगात साठवून आरामात जगते, कारण त्याच्या नसांमधलं सोडियम आत यायचं दारच थोडं बदललेलं आहे, विषाला तिथं धड बसताच येत नाही. किती बारीक बदल आहे पाहा.

ग्लुटाथायोन गुरांकडंही आहे, पण तहानलेला बैल एका दमात बादल्याच्या बादल्या पिते अन् वाऱ्यानं काठाला साचलेला थर सगळा पोटात जाते, मग साठा पुरत नाही अन् लिव्हरमध्येच रक्तस्राव होते. मासोळीचंही तसंच, विष जास्त झालं की तीही मरते.

म्हणून थर आहे त्या काठाला काट्या लावा, गुरांना विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी पाजा. उकळून हे विष जात नाही. थर मारायला मोरचूद तर टाकूच नका, बॅक्टेरिया फुटतात अन् आतलं सगळं विष एकदम पाण्यात येते. थर जाईपर्यंत त्या तलावातले मासे खाऊ नका, शिंपले तर नकोच, ते पाणी गाळून खातात तर विष त्यांच्यात साठत जाते. अन् गुरं प्यालीच, सुस्त पडली, थरथरायला लागली तर घरगुती काढे पाजत बसू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा अन् त्या पाण्याची बॉटल त्याला दाखवा.