स्पॉइल बोर्ड सपाट करायला स्वस्तातला कटर कसा निवडावा

सीएनसी राउटरवरचा (संगणकाच्या हुकमावर कोरणाऱ्या मशीनवरचा) स्पॉइल बोर्ड, म्हणजे कामाच्या तुकड्याखालचा बोर्ड, मार खायलाच बसवलेला असतो. त्यावर खाचा पडतात, दमट हवेत त्याचं एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेली फळी) फुगतं आणि मग तेच कोरीवकाम एका कोपऱ्यात खोल, तर दुसऱ्यात नुसतं ओरखडल्यासारखं येतं. अशा वेळी त्याच मशीनने बोर्डवरचा पातळ थर काढून टाकायचा असतो. त्यासाठी बहुतेक जण मिळेल तेवढा मोठा कटर शोधतात. मीही शोधला होता. ५० मिमीचा कटर माझ्या छोट्या मशीनला लावला, आणि पहिल्याच पासला गँट्री (कटरची मोटर धरणारी आडवी चौकट) अशी थरथरली की बोर्डवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उमटल्या.

आधी कॉलेट बघा

कटरची किंमत नंतर, शँक (कटरचा दांडा) आधी. कॉलेट म्हणजे तो दांडा आवळून धरणारी पकड. ईआर-११ कॉलेटमध्ये ७ मिमीपर्यंतचा शँक बसतो, ईआर-२० मध्ये १३ मिमीपर्यंतचा. म्हणजे १२.७ मिमी शँकचा कटर फुकट मिळाला तरी ईआर-११ वाल्याला तो निरुपयोगी. आणखी एक घोळ ६ आणि ६.३५ मिमीचा. ६.३५ च्या ट्रिमर (छोटा हातराउटर) कॉलेटमध्ये ६ चा शँक ‘जरा जास्त आवळून’ चालवायचा मोह टाळा. तो चालू कामात खाली सरकतो आणि बोर्डात भोक पाडतो.

व्यास ठरवताना गणित करा

समजा बोर्ड ६०० × ६०० मिमी आहे, स्टेपओव्हर (दर फेरीला कटर बाजूला सरकतो ते अंतर) व्यासाच्या ४० टक्के आणि फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला २००० मिमी. २५ मिमीच्या कटरला ६० फेऱ्या, म्हणजे ३६ मीटर, साधारण १८ मिनिटं. ५० मिमीला ९ मिनिटं. जवळ असलेल्या ६ मिमीच्या एंड मिलने (साध्या बारीक कटरने) अर्ध्या स्टेपओव्हरवर हेच काम केलं तर तासभर. तासावरून १८ मिनिटांवर येणं पैसे मोजण्यासारखं आहे. पुढची ९ मिनिटं वाचवायला जाड शँक, दणकट गँट्री आणि ताकदवान स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) लागतो. ट्रिमर बसवलेल्या मशीनला २२ ते २५ मिमी पुरे. स्पिंडल किंचित कलता असेल तर दोन फेऱ्यांमध्ये जी बारीक पायरी पडते, तीही मोठ्या स्टेपओव्हरबरोबर वाढते.

वेगाचंही तसंच. १८००० आरपीएमला (मिनिटाला १८००० फेरे) ५० मिमी कटरची धार सेकंदाला सुमारे ४७ मीटर धावते, २५ मिमीची त्याच्या निम्मी. कटरवर कमाल आरपीएम छापलेला नसेल आणि विकणाराही सांगत नसेल, तर मोठ्या व्यासात तो घेऊ नका.

ब्रेझ केलेला की इन्सर्टवाला?

एमडीएफमधला गोंद धार फार लवकर खातो, त्यामुळे एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा) विचार सोडून द्या, कार्बाइडच घ्या. ब्रेझ केलेल्या (डाख देऊन कायमच्या बसवलेल्या) पात्यांचा कटर स्वस्त पडतो. धार गेली की तो बाजूला ठेवायचा. वर्षातून दोन-तीनदाच बोर्ड सपाट करणाऱ्याला तो भरपूर टिकतो. इन्सर्टवाला (बदलता येणाऱ्या सुट्या पात्यांचा) सुरुवातीला महाग, पण चौकोनी इन्सर्टच्या चार बाजू आळीपाळीने वापरता येतात. मात्र त्याच मापाचे इन्सर्ट सुटे मिळतात ना, हे आधी बघा. इन्सर्ट फिरवताना खालची खाच पुसून घ्या. भुश्याचा एक कण अडकला तरी पातं उचललं जातं.

पाती दोन असली तरी चालतात. तीन पात्यांचा कटर हळू फीडला चालवला तर तो कापण्याऐवजी घासतो, आणि एमडीएफ जळल्याचा वास येतो.

हातात आल्यावर तपासा

स्वस्त मालात खरी गोम इथे असते. मशीनचा प्लग काढा, कटर बसवा, खाली कागद ठेवा आणि कटर हळूहळू उतरवत हाताने फिरवा. दोन्ही पाती कागदाला सारखीच घासली पाहिजेत. एकच घासत असेल तर दुसरं पातं नुसतं मिरवायला आहे. कटर परत करा. ब्रेझच्या सांध्यात फट किंवा बुडबुडा दिसला तरीही परतच.

पहिला पास

बोर्डमधले स्क्रू पुरेसे खोल आहेत ना, ते बघा. मग पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. असे बरेच कटर मधोमध कापत नाहीत, म्हणून सरळ खाली न खुपसता बोर्डच्या बाहेरून आत आणा. खोली ०.३ मिमीच्या आसपास ठेवा. मास्क आणि व्हॅक्युम हवाच, एमडीएफची धूळ फार बारीक असते. रेघा कुठे शिल्लक राहिल्या तर तेवढाच आणखी एक पास.

शेवटी नख फिरवा. फेऱ्यांना आडवं फिरवताना पायऱ्या लागल्या आणि उभं फिरवताना लागल्या नाहीत, तर दुसरा कटर मागवण्याआधी स्पिंडल बोर्डशी गुण्यात (काटकोनात) आहे का, ते बघा.