मृगाचा पाऊस येण्याआधी ऑर्किडच्या कुंडीतील कुजके माध्यम बदला

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते आणि मृगाचा पाऊस ७ जूनच्या आसपास अपेक्षित असतो. ज्यांच्या गॅलरीत, पडवीत किंवा शेडनेटखाली ऑर्किड आहेत, त्यांच्या हाती आता फार तर तीन आठवडे आहेत. या दिवसांत दुसरे काही जमले नाही तरी चालेल, पण कुंडीतील जुने माध्यम, म्हणजे मुळांभोवती भरलेले सोडण, साल, कोळसा यांचे तुकडे, बदलण्याचे काम पुढे ढकलू नये. दर वर्षी ऑगस्टमध्ये पिवळी पडलेली डेंड्रोबियम आणि बुडाशी गळून गेलेली फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडे मला दाखवली जातात, फवारलेल्या तीन-चार औषधांची नावे सांगितली जातात, आणि कुंडी उलटी केली की आतून काळा, आंबूस वासाचा चोथा बाहेर पडतो. कीड पानांवर दिसत होती म्हणून सारी फवारणी पानांवर झाली. तिचे घर मात्र त्या चोथ्यात होते.

आपल्याकडे आंब्या-फणसाच्या खोडावर वाढणारी सीतेची वेणी ही रानटी ऑर्किड पाहिली, तर ऑर्किडच्या मुळांना काय हवे ते समजते. पावसाने ती मुळे चिंब भिजतात आणि पाऊस थांबला की वाऱ्याने पुन्हा सुकतात. मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असताना चंदेरी आणि ओले असताना हिरवट दिसते. नारळाच्या सोडणांचे ताजे तुकडे घट्ट नसतात, त्यांच्या फटींतून हवा खेळते. कोकणच्या दमट हवेत दुसरा पावसाळा संपेपर्यंत त्याच तुकड्यांचा लगदा होतो, फटी बुजतात आणि मूळ गुदमरून मरते. अशा लगद्यात मुंग्या घर करतात, मुळांवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड) पोसला जातो आणि लहान गोगलगायी दिवसभर लपून रात्री मुळांची कोवळी टोके खातात. पिठ्या ढेकणाच्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याची पिले एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत नेतात, त्यामुळे पाने स्वच्छ केली तरी पंधरवड्यात कीड परत दिसते. माझे निरीक्षण असे आहे की ज्या कुंडीवर मुंग्यांची रांग सतत चढते, तिच्या तळाशी बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण सापडतोच.

कुंडी तपासण्यासाठी उपकरण लागत नाही. पाणी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी कुंडी उचलून पाहावी; ती अजून जड लागत असेल, बोट घातल्यावर तुकडे चुरगळत असतील किंवा कुबट वास येत असेल, तर माध्यम संपले आहे असे समजावे. बाजारातून फुलांसह आणलेल्या फॅलेनॉप्सिसबाबत विशेष सावध राहावे, कारण वरून साल किंवा कोळसा दिसत असला तरी मुळांच्या मधोमध रोपवाटिकेतील मॉस (वाळवलेले शेवाळ) किंवा कोकोपीटचा (सोडणाच्या भुशाचा) घट्ट गोळा तसाच राहिलेला असतो. फुले गळताच तो गोळा पाण्यात भिजवून हळूहळू सोडवून काढावा.

महागड्या ‘ऑर्किड मिक्स’च्या पिशव्या घेण्याची गरज नाही. कोकणात आणि मुंबईत डेंड्रोबियमसाठी लोणारी कोळसा आणि जुन्या कौलांचे किंवा विटांचे अंगठ्याएवढे तुकडे पुरेसे असतात. फॅलेनॉप्सिसला त्यात एक तृतीयांश सोडणाचे तुकडे मिसळावेत. व्हांडा या ऑर्किडला तर रिकामी लाकडी जाळीची टोपलीच मानवते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत सोडणाचे प्रमाण निम्म्यापर्यंत वाढवावे. मॉस लहान रोपांना उपयोगी असते, पण उघड्यावरच्या पावसात ते ओल्या बोळ्यासारखे मुळांना चिकटून बसते. माती आणि कोकोपीटचा भुसा मोठ्या झाडांना कधीही वापरू नये. सोडणांत क्षार असतात, म्हणून तुकडे तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलावे. कोळसा लाकडाचाच असावा, दगडी नसावा.

कुंडी बदलताना:
– कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवणे.
– पोकळ, तपकिरी मुळे कापणे. टणक मुळे राखणे.
– जुने माध्यम बागेबाहेर टाकणे.
– कुंडी साबणाने धुऊन उन्हात वाळवणे.
– झाड हलणार नाही असे काठीला बांधणे.
– दोन-तीन दिवस पाणी न देणे, फक्त हलका फवारा मारणे.
– दहा दिवस पागोळ्यांपासून दूर ठेवणे.

माध्यम बदलल्यानंतरच किडीकडे वळावे. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यांत आणि डेंड्रोबियमच्या कांड्यांवरील सुक्या पापुद्र्यांखाली दडतात, म्हणून ते पापुद्रे आधी सोलावेत. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने किंवा मऊ ब्रशने कीड पुसून काढावी. मुळांच्या हिरव्या टोकांना ते लागू देऊ नये. त्यानंतर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि १ मिली द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. अंड्यांतून नवी पिले बाहेर येतात, म्हणून हे काम आठवड्याच्या अंतराने तीनदा करावे. एकदाच करून थांबणारे फसतात. पाऊस सुरू झाल्यावर हवेतील ओलावा व्हर्टिसिलियम लेकॅनी या मित्रबुरशीला पोषक असतो. ती लिटरला ५ ग्रॅम प्रमाणात वापरावी, पण त्या आठवड्यात बुरशीनाशक मारू नये. मुंग्यांसाठी अख्खी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी.

इमिडाक्लोप्रिड या रासायनिक कीटकनाशकाची बाटली दुकानदार पहिल्याच भेटीत पुढे करतो. शेतीत त्याच्या १७.८ टक्के द्रावणाचे (एसएल) प्रमाण लिटरला ०.३ मिलीच्या आसपास असते, पण घरातील चार कुंड्यांसाठी ते औषध आणू नये. फुलांवर मारले तर मधमाश्या मरतात आणि कुजक्या माध्यमातील मुळांना त्याने जीव येत नाही. फुले वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘ब्लूम बूस्टर’च्या बाटल्यांबाबतही माझे हेच मत आहे. ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेले) विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा, मुळांना हिरवी टोके असलेल्या झाडांनाच द्यावे.

फुलकिडे आणि लाल कोळी कोरड्या हवेत वाढतात, त्यामुळे आता मे महिन्यात पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुणे पुरेसे ठरते. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात. कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर किंवा टांगून ठेवाव्यात. फॅलेनॉप्सिस किंचित तिरपे लावले तर मधल्या पोग्यात पाणी साचत नाही. जुलैच्या मध्यावर पाऊस सलग आठवडाभर लागला की प्रत्येक कुंडी पुन्हा हातात घेऊन तिचे वजन पाहावे, आणि जड लागेल ती त्याच दिवशी छपराखाली, वारा लागेल अशा जागी हलवावी.